काटेवाल्यांनी बदललेले शेवट

काटेवाल्यांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. शहराबाहेरच्या नाक्यावर ट्रकांचा वजनकाटा आहे. जमिनीत बसवलेला लोखंडी ओटा, आणि त्याच्या बाजूला काचेची खिडकी असलेली एवढीशी केबिन. आत एक खुर्ची, एक टेबल आणि कुरकुरणारा एक पंखा. त्या खुर्चीवर बसून काटेवाल्यांनी अख्खी नोकरी काढली. गाडी रिकामी यायची, वजन व्हायचं. भरून यायची, पुन्हा वजन व्हायचं. पावती फाडायची आणि पुढची गाडी घ्यायची. ड्रायव्हर लाडीगोडी लावायचे, "साहेब, थोडं इकडचं तिकडं करा की. कुणाला कळतंय?" काटेवाले मान वर न करता म्हणायचे, "काट्याला कळतं." या उत्तराचं नाक्यावर फार कौतुक होतं. पण मान वर न करण्याचं खरं कारण वेगळंच होतं. त्यांच्या मांडीवर कादंबरी उघडी असायची.

आणि कादंबरी तरी कसली? जुनी, जाडजूड, विटेसारखी. पहिल्या पन्नास पानांत घराचं, घराण्याचं आणि हवेचं वर्णन, मग कुठं एक माणूस दारातून आत येणार, तोही बोलणार नाही, आधी हातमोजे काढणार. दुसऱ्या कुणी ते पुस्तक उशाशी घेतलं असतं तर झोप लागावी म्हणून. काटेवाले मात्र त्यातली धुक्याची वर्णनंसुद्धा दोनदोनदा वाचायचे. नवीन पुस्तकांना ते हात लावायचे नाहीत. "लेखक मरून निदान दोन पिढ्या झाल्या नसतील तर त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा?" असं ते गंभीर चेहऱ्यानं विचारायचे, आणि समोरचा हसला की रागवायचे.

हे वेड लहानपणापासूनचं. वडील रद्दीच्या गोदामात गठ्ठे बांधायचे. शाळा सुटली की पोरगं तिथं जाऊन बसायचं. खाली पसरलेल्या ढिगात एकदा त्याला एक पुठ्ठा नसलेली कादंबरी सापडली, आणि ती संपेपर्यंत वडिलांनी तो गठ्ठा बांधला नाही. मालकाच्या शिव्या खाल्ल्या पण बांधला नाही. काटेवाल्यांच्या घरातली सगळी पुस्तकं अशीच रद्दीतून आलेली. कुणाला पुठ्ठा नाही, कुणाचा कणा मोडलेला, कुणाला वाळवीनं गाठलेलं. काटेवाले सुट्टीच्या दिवशी खळ घेऊन बसायचे आणि एकेकाची मलमपट्टी करायचे. कुणी पुस्तकाचं पान दुमडलं तर त्या माणसाशी ते आठवडाभर बोलायचे नाहीत.

लग्न झालं. बायको शिवणकाम करायची. पडदे, उशांचे अभ्रे, लोकांच्या पँटी आत-बाहेर करून देणं, अशी कामं घरी यायची. गल्ली तिला काकू म्हणायची, म्हणून आपणही काकूच म्हणू. तिला वाचता यायचं, पण बेताचंच. जोडाक्षर आलं की बोट ठेवून थांबायची. वर हातात सदा कापड. मग संध्याकाळी काटेवाले घरी येऊन हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे आणि मशीनच्या शेजारी स्टूल ओढून मोठ्यानं वाचायला लागायचे. घरातला हा रिवाजच पडला. वर्णन आलं की मशीन धावायचं आणि संवाद आला की तिचा पाय थांबायचा. "थांबा, थांबा, काय म्हणाली ती? पुन्हा वाचा." काटेवाले पुन्हा वाचायचे. दोघांच्या संसारातला सगळ्यात सुखाचा वेळ तोच होता.

मग पहिलं मूल झालं, आणि ते जन्मलं तेच गेलेलं. काकूनं भिंतीकडं तोंड केलं. बोलेना, खाईना, केसाला कंगवा लावीना. डॉक्टर म्हणाले, वेळ जाऊ द्या. शेजारणी म्हणाल्या, रडू द्या. ती रडत नव्हती. काटेवाल्यांना काय करावं सुचेना, तेव्हा त्यांनी जे येत होतं ते केलं. स्टूल खाटेजवळ घेतलं आणि अर्धवट राहिलेली कादंबरी पुढं वाचायला सुरुवात केली. एका नावाड्याच्या विधवेची ती गोष्ट. शेवटी ती तापानं अंथरूण धरते आणि मुलं भोवती बसतात, तिथं येऊन ते पोचले आणि पुढचं पान डोळ्यांखालून गेल्यावर त्यांची जीभच उचलेना.

तेव्हा भिंतीकडून आवाज आला. कित्येक दिवसांतला पहिला. "उठते का हो ती?"

काटेवाल्यांनी पानाकडं पाहिलं. पानावर चारपाई होती, चादर होती, चादर तोंडावर ओढलेली होती. "उठते," ते म्हणाले. आणि पुस्तकाकडं बघत बघत त्यांनी जागच्या जागी दीड पान रचलं. ताप उतरतो, ती खिडकी उघडायला सांगते, धाकटीला म्हणते पाणी आण. अगदी त्या लेखकाच्या ढंगात, लांबलचक वाक्यांत. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू उठली आणि तिनं चहा टाकला.

आता तुम्हीच सांगा, त्या घटकेला माणसानं काय करायचं? खरं वाचून दाखवायचं? चूल पेटू द्यायची नाही? छे! त्या दिवसाबद्दल काटेवाल्यांना कुणी नावं ठेवू नयेत. नावं ठेवायची ती पुढच्या दिवसांबद्दल. कारण एकदा जमलं म्हटल्यावर गडी थांबेचना.

जुन्या कादंबऱ्या म्हणजे तुम्हाला माहीत आहे, त्यात बायकांचं काही खरं नसतं. शेवटच्या शंभर पानांत लेखक त्यांच्या जिवावरच उठतो. काटेवाल्यांनी एकेकीला वाचवायला घेतलं. बुडणाऱ्या बायका किनाऱ्याला लागल्या. घराबाहेर काढलेल्यांना मानानं बोलावणं आलं. दारू पिऊन हात उगारणारे नवरे गुडघ्यांवर बसून माफी मागू लागले. आवाज पडला नाही, डोळे पानावरून हलले नाहीत, मधे एकदाही अडखळले नाहीत. काट्यावर एका किलोची लबाडी न करणारा हा माणूस घरी येऊन राजरोस, रोज, पुस्तक हातात धरून खोटं वाचत होता. आणि खरं सांगायचं तर त्याला त्यात गोडी लागली होती. दुपारी केबिनमध्ये बसून ते खरा शेवट वाचायचे, डोळे पुसायचे, आणि संध्याकाळपर्यंत दुसरा तयार करायचे.

एकदा घोडं अडलं. ते कामावरून लवकर आले तर काकू पुस्तक मांडीवर घेऊन, बोट फिरवत शेवटची पानं लावत बसलेली. "म्हटलं, आज पुढचं आपणच वाचून बघावं," ती लाजून म्हणाली. काटेवाल्यांनी चहा मागितला आणि पुस्तक उचलून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पावत्या कापायची सुरी घरी आणली. काकू माप घ्यायला बाहेर गेली होती. तेवढ्यात घरातल्या एकूण एक पुस्तकाची शेवटची पानं त्यांनी कापली आणि नाक्यावरच्या चहावाल्याच्या शेगडीत नेऊन घातली. दुमडलेल्या पानासाठी अबोला धरणारा माणूस!  काकूला सांगितलं, "रद्दीतला माल आहे, खळ सुटली की शेवट गळून जातात. पण मी गोदामात असताना सगळ्या वाचल्यात. तोंडपाठ आहेत मला."

काकूचा विश्वास बसला. का बसू नये? आणि तिथंच सगळा सत्यानाश झाला. काटेवाल्यांना वाटत होतं, आपण बायकोला चार घटका सुखाच्या देतोय. काकू त्यातून जग शिकत होती. कापड घेऊन येणाऱ्या बायका मशीनपाशी बसून आपलं रडगाणं गायच्या, आणि काकू सुई ओवता ओवता म्हणायची, "धीर धर गं. माणूस शेवटी बदलतोच. मोठमोठ्या लेखकांनी लिहून ठेवलंय. एका पुस्तकात असतं तर म्हटलं असतं योगायोग, सगळ्याच्या सगळ्या पुस्तकांत तेच आहे." यावर कोण काय बोलणार? काटेवाले आतल्या खोलीत हे ऐकायचे आणि कानावर हात ठेवायचे, म्हणजे खरोखरच ठेवायचे.

पुढं लेक झाली. ती मशीनच्या टेबलाखाली बसून चिंध्यांशी खेळत कादंबऱ्या ऐकत वाढली. शांत पोर. प्रश्न विचारायची नाही, नुसती बापाच्या तोंडाकडं टक लावून बघत बसायची. मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात कामाला लागली. लोकांच्या नाकावर फ्रेम ठेवून मान तिरकी करून बघायची आणि "ही नाही शोभत" असं तोंडावर सांगायची. गिऱ्हाइकं तिच्यावरच खूश असायची. फर्निचरच्या शोरूममधला एक विक्रेता असाच चष्मा घ्यायला आला, आणि फ्रेम बदलायच्या निमित्तानं येतच राहिला. गोडबोल्या होता. काकूला म्हणाला, "तुमच्या हातची शिवण म्हणजे काय!" काकू विरघळली. काटेवाल्यांनाही आवडला, कारण त्यानं पुस्तकांचं कपाट बघून "वा!" म्हटलं. लग्न लागलं.

वर्ष उलटायच्या आत पोरीचं दुकान सुटलं. "त्यांना आवडत नाही," ती म्हणाली. मग येणं कमी झालं. आणि मग एका दुपारी ती हातात लहानशी पिशवी घेऊन दारात उभी राहिली. मनगट निळं पडलेलं, ओठाचा कोपरा फाटलेला. काकूनं तिला आत घेतलं, तेल कोमट केलं, मनगटाला चोळायला लागली. पोर सांगत होती आणि काकू ऐकत होती. दार आपटतो. ताट फेकतो. मग पाया पडतो. मग पुन्हा.

"पाया पडतो?" काकूचा चेहरा उजळला. "अगं, मग झालंच की! ती मिठाच्या व्यापाऱ्याची बायको आठवते ना? तिनं किती सोसलं! त्यानं तिचं बोलणं बंद केलं, माहेर तोडलं, कोंडून ठेवलं. तिची बहीण न्यायला आली, तरी ती गेली नाही. आणि शेवटी? जत्रेला निघालेला तो माणूस अर्ध्या वाटेतून परत फिरला, कुलूप उघडलं आणि तिच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला. ती बहिणीबरोबर गेली असती तर काय मिळालं असतं तिला? सांगा ना हो तिला. तुम्हीच वाचलंय."

लेकीनं मान वळवली आणि बापाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मिठाच्या व्यापाऱ्याची गोष्ट काटेवाल्यांना खरोखरच तोंडपाठ होती. तो वाटेतून परत फिरत नाही. आत बायकोला ताप भरलेला असतो आणि तिकडं त्याचा सौदा रंगतो, म्हणून तो मुक्काम वाढवतो. परत येतो तेव्हा तिच्यासाठी रेशमी कापड आणतो. लेखकानं पुढं फक्त एवढंच लिहिलंय की कुलूप सहज उघडलं, आणि घरात फार शांत होतं.

हे त्यांच्या जिभेवर आलं होतं. नुसतं तोंड उघडायचं होतं. पण तोंड उघडलं की काकूच्या संसारातल्या सगळ्या संध्याकाळी एका फटक्यात खोट्या ठरणार होत्या, आणि काकू आपल्याकडं ज्या नजरेनं बघेल त्या नजरेला ते भ्याले. त्यांनी मनाची समजूत घातली की पुस्तक वेगळं, माणूस वेगळा. हा सुधारेलही. कुणी सांगावं? त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला.

"बाबा?" लेक म्हणाली.

"आई म्हणते तसं... बघ थोडे दिवस," काटेवाले म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत गेली. धिक्कार असो असल्या वाचनाचा! जन्मभर दुसऱ्यांच्या दुःखावर डोळे गाळले, आणि पोटच्या पोरीचं दुःख दारात आलं तेव्हा हा गृहस्थ चष्मा पुसत बसला.

नंतर काटेवाल्यांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. आता निवृत्त झालेले, त्यामुळं केबिनचाही आसरा नाही. वाचायला बसले की दोन ओळींत मन उडायचं. काकू म्हणायची, "वाचा ना हो," आणि ते घसा दुखतोय म्हणायचे. फोन वाजला की आधी ते धावायचे. लेक थोडकंच बोलायची. एकदा म्हणाली, "आता बाहेर जाताना कुलूप लावून जातो." एवढं बोलून तिनं फोन ठेवला, की कुणी ठेवायला लावला, कोण जाणे. त्यानंतर तिचा फोन लागेना. जावयाला लावला तर तो गोड आवाजात म्हणाला, "तिची तब्येत जरा नरम आहे, झोपलीय. मी कामासाठी बाहेरगावी आलोय, परतलो की घेऊन येतो."

 काटेवाले काकूपाशी गेले आणि सगळं सांगितलं. कुलूप, फोन, बाहेरगाव.

काकूनं मशीन थांबवलं. तिनं दोन्ही हात छातीशी नेले. आणि ती हसली हो! आनंदानं हसली. "अगं बाई! अगदी तस्संच! कुलूपसुद्धा! आणि तो गावालाही निघाला! अहो, म्हणजे आता संपलंच. आता तो वाटेतून परत फिरणार बघा."

 काटेवाले खाली बसले, तिच्या पायापाशी, चिंध्यांत. "अगं, फिरत नाही गं तो," ते म्हणाले. "फिरत नाही. मी खोटं वाचलं. ती मरते. कुलपाच्या आत मरते."

 काकूनं त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. "काहीतरीच काय बोलताय? पोरीच्या काळजीनं तुमचं डोकं फिरलंय."

"देवाशपथ सांगतो."

"मग दाखवा कुठं लिहिलंय ते."

ते उठले, कपाटातून ते पुस्तक काढलं आणि उघडून तिच्यापुढं धरलं. शेवटी पानं नव्हतीच. कण्यापाशी कापलेल्या कडा तेवढ्या होत्या. काकूनं त्यांच्यावरून बोट फिरवलं. "इतकी वर्षं पुस्तक हातात धरून वाचलंत ते खोटं," ती म्हणाली, "आणि आता पान नाही, काही नाही, नुसतं तोंडानं सांगताय ते खरं? मला काय खुळी समजलात? तिथं जाऊन तिचा संसार मोडू नका. आता, ऐन वेळेला. माझ्या गळ्याची आण आहे तुम्हाला." आणि तिनं मशीन सुरू केलं.

काटेवाले आयुष्यात पहिल्यांदा बायकोची आण मोडून घराबाहेर पडले. बसनं गेले. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर लेकीचं घर. जिना चढताना कठड्याला धरून दोनदा थांबावं लागलं. दाराला बाहेरून कडी होती आणि कडीला भलंमोठं नवं कुलूप. त्यांनी दारावर थाप मारली. आत काही हललं नाही. त्यांनी पुन्हा मारली, मग दोन्ही हातांनी मारली, आणि दाराला तोंड लावून ओरडले, "बाळा! मी आलोय गं! बाबा!"

कितीतरी वेळानं फरशीवर पाय घासल्याचा आवाज आला. मग दाराच्या पलीकडं, अगदी खाली, ती बसली असावी तिथून आवाज आला. "बाबा?"

"बरी आहेस ना? तो कधी गेला?"

"परवा. हात सुजलाय फार. उचलत नाही." आवाज इतका बारीक की काटेवाल्यांना गुडघे टेकून खालच्या फटीला कान लावावा लागला.

आणि तिथं, लोकांच्या चपलांच्या शेजारी ओणवं होऊन, ते बोलायला लागले. आधी दार उघडायचं की आधी बोलायचं, एवढंही त्यांना सुचलं नाही. इतके दिवस कोंडलेलं सगळं भडाभडा बाहेर आलं. "ऐक, बाळा. ती मिठाच्या व्यापाऱ्याची गोष्ट, ती तशी नाही. तो वाटेतून परत फिरत नाही. मी बदललं ते. आईसाठी बदललं. सगळेच शेवट मीच बदलले. तू त्याची वाट बघू नकोस. तो सुधारणार नाही. तुला वाटेल आता होईल, मग होईल. काही होत नाही गं. लिहिणाऱ्यानं तसं लिहिलेलंच नाही."

त्यांनी फटीला पुन्हा कान लावला.

"ऐकतेस ना?"

"मला माहीत आहे, बाबा," लेक म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"खरा शेवट. शाळेत असताना लायब्ररीत अख्खं पुस्तक होतं. तेच नाही, पुष्कळ होती. मी सगळी वाचली. तुम्ही घरी वेगळं वाचायचात ते मी ऐकायचे. आई खूश व्हायची, म्हणून मी कधी बोलले नाही."

काटेवाल्यांना काही समजेना. त्यांनी दाराला कपाळ टेकलं. "मग गेलीस का परत? माहीत होतं तर गेलीस कशाला?"

"आई म्हणाली, तुम्हीच वाचलंय, सांगा तिला. मी तुमच्याकडं बघत होते." ती थांबली. श्वास घेतल्याचा आवाज आला. "मला वाटलं, शेवट फक्त आपल्या दोघांना माहीत आहे. आता बाबा बोलतील. तुम्ही नुसतं 'जाऊ नको' म्हणाला असतात तरी मी राहिले असते. तुम्ही म्हणालात, बघ थोडे दिवस. मी म्हटलं, बाबांना सगळं माहीत असून ते पाठवतायत, म्हणजे आता आपल्याला जायला दुसरीकडं कुठं जागाच नाही."

काटेवाले उठले. ते खाली गेले, की पडत-झडत गेले, ते त्यांचं त्यांनाही आठवत नाही. इमारतीच्या खाली एक गॅरेज होतं. तिथून कुणाला न विचारता त्यांनी एक पहार उचलली. मेकॅनिक "अहो काका, अहो" करत मागं धावला. वर येऊन त्यांनी कडीत पहार घातली आणि अंगातलं होतं नव्हतं ते बळ लावलं. हाताला घाम, पहार निसटायची, ते पुन्हा घालायचे. शेजारची दारं किलकिली झाली. कुणीतरी म्हणालं, पोलिसांना बोलवा. "बोलवा!" काटेवाले गरजले. "आधीच बोलवायला हवे होते! तुम्ही सगळे काय मूग गिळून बसला होतात?" आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की आपण हे कुणाला म्हणतोय. मेकॅनिकनं त्यांच्या हातातून पहार घेतली आणि एका हिसक्यात कडी उचकटली.

लेक भिंतीला धरून उभी होती. ती बापाच्या गळ्यात पडली नाही. चांगला हात पुढं करून तिनं चपला घेतल्या आणि त्यांच्या बाजूनं जिना उतरायला लागली. दवाखान्यात हाताला प्लॅस्टर घातलं. तिथल्या बाईनं विचारलं, कसं लागलं, तेव्हा लेकीनं नवऱ्याचं नाव सांगितलं, स्वच्छ, दोनदा.

घरी पोचले तेव्हा मशीन चालू होतं. काकूनं दार उघडलं. लेकीचा चेहरा पाहिला, गळ्यात अडकवलेला हात पाहिला, आणि ती त्यांच्या मागं, जिन्याकडं बघायला लागली. मान उंच करून, वळणापर्यंत. "ते नाही आले?" ती म्हणाली. "खाली आहेत का?"

"आई, तो येणार नाहीये," लेक म्हणाली. "बाबा सांगत होते ते खरं आहे. मी वाचलंय. स्वतः वाचलंय."

काकूनं दार धरून ठेवलं. तिच्या ओठांची हालचाल झाली, जोडाक्षर लावताना व्हायची तशी. मग ती आत गेली, मशीनपाशी बसली. पाय पट्टीवर ठेवला, पण चालवला नाही. लेक खाटेवर आडवी झाली आणि भिंतीकडं तोंड केलं. काटेवाले मधेच उभे होते. बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

"व्यापाऱ्याची बायको कुलपाच्या आतच गेली," काकू म्हणाली.

"हो."

"मी पाठवलं हिला."

"तू नाही. मी."

काकूनं कपाटाकडं पाहिलं. वरपासून खालपर्यंत, एकेका कण्यावरून तिची नजर फिरली. इतक्या वर्षांच्या इतक्या बायका त्यात होत्या, आणि त्या सगळ्यांना ती ओळखत होती. मापं घेतल्यासारखी ओळखत होती.

"आणि बाकीच्या?" तिनं विचारलं.

काटेवाल्यांनी तोंड उघडलं. पुन्हा एकदा खोटं बोलावं असं त्यांच्या मनात आलं, इतकं आलं की शब्दसुद्धा तयार झाले. खाटेवरची लेक वळली नव्हती, पण ती ऐकत होती.

"बाकीच्याही," ते म्हणाले.

"सगळ्या?"

"सगळ्या."

काकूनं मशीनवरचं कापड काढून बाजूला ठेवलं. "बसा," ती म्हणाली. "पहिलीपासून सांगा."